टोकवाडीचं पाणी

गुरुवारी सकाळी उपम्यावर ओलं खोबरं भुरभुरवता भुरभुरवता सुनिताने विचारलं, "टोकवाडीला पाणी आलं का हो?" विश्वंभरच्या तोंडात घास होता, म्हणून त्याने नुसती मान हलवली. हिंगोलीत पाण्याबद्दलच्या प्रश्नाला मान हलवणं हेच उत्तर असतं. ती होकाराची की नकाराची हे ज्याचं त्याने ठरवावं. सुनिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि गावोगावच्या पाण्याच्या बातम्या तिच्याकडे मुलांच्या गैरहजेरीतून यायच्या, तेव्हा टोकवाडी म्हणजे कळमनुरीकडचं एखादं गाव असेल असं त्याला वाटलं. घास गिळल्यावर लक्षात आलं की टोकवाडी कळमनुरी तालुक्यात नाही. सेनगावातही नाही. ती कुठल्याच तालुक्यात नाही. ती त्याच्या दोनशे पानी वहीच्या एकसष्टाव्या पानावर आहे, एका कालव्याच्या अगदी शेवटच्या वळणावर, आणि ती त्याने स्वतः, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसल्या बसल्या, पेन्सिलने वसवली आहे. चार वर्षांत सुनिताने त्या वहीतल्या जगाबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं: "तुमच्या मंडळींना चपला ओळीने काढायला सांगा." आणि आज ती उपम्याचा चमचा हातात धरून टोकवाडीची चौकशी करत होती, माहेरची करावी तशी. "रविवारी कळेल," तो म्हणाला. "साठ बाया झाल्या ना मंत्र शिकून?" "चौसष्ट," तो म्हणाला, कारण आकडा चुकीचा ऐकून गप्प बसणं त्याच्या पेशात बसत नव्हतं. "तो प्रज्ञेश तर साठ म्हणत होता," सुनिता म्हणाली, आणि पर्स उचलून, स्कूटी काढून शाळेला निघून गेली. उपमा चांगला झाला होता. विश्वंभरने तो अर्धा टाकला.

कॉलेजात पहिला तास उपभोक्त्याच्या समतोलाचा होता. फळ्यावर वक्र काढताना त्याला आठवलं की या सबंध सिद्धांतात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती आपण पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली आहे: उपभोक्त्याला शेजाऱ्याचं ताट दिसत नाही. त्याचं समाधान त्याच्या ताटापुरतं. हे गृहीतक कुणी केलं असेल तो माणूस एकटाच जेवत असणार. खडू मोडला. मागच्या बाकावरचा कुणीतरी जांभई देताना आवाज करून गेला आणि विश्वंभरने त्याला रागावलं नाही. त्याचं लक्ष आतल्या आत मागचे रविवार मोजण्यात होतं. सुनिता रविवारी दुपारी औंढ्याला बहिणीकडे जायची. दीडची एसटी. नागनाथाच्या देवळाबाहेर बहिणीचं प्रसादाचं दुकान, तिथे बसून दोघी संध्याकाळपर्यंत बोलायच्या, आणि विश्वंभरला पुढची खोली, टेबल आणि राज्य मोकळं मिळायचं. ती औंढ्याला जायची बंद कधी झाली? होळीनंतर. प्रज्ञेश खेळायला पहिल्यांदा आला तो होळीनंतरच्या रविवारी. ही दोन विधानं शेजारी शेजारी ठेवून त्याने त्यांच्याकडे पाहिलं, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे हे त्याला त्या तासाला बसलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

खेळ तसा साधा होता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने, म्हणजे सूत्रधाराने, एक जग रचायचं: राजे, डोंगर, भुतं, जादूगार. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमतं की फसतं हे वीस पैलूंचा एक फासा ठरवतो. तो स्टीलच्या ताटात टाकायचा, म्हणजे नशिबाचा आवाज सगळ्यांना सारखा ऐकू येतो. हा फासा विश्वंभरकडे कॉपीच्या प्रकरणातून आला होता. एका विद्यार्थ्याच्या कंपासपेटीत सापडला, विश्वंभरने जप्त केला, आणि ही कॉपीची कुठली नवी पद्धत आहे हे शोधायला म्हणून संगणकावर बसला तो पहाटे उठला. तिकडे जगभर माणसं जादूची राज्यं रचत होती आणि त्यांच्यातल्या एकालाही अर्थशास्त्र येत नव्हतं. एका राज्यात जादूगार मंत्राने शिशाचं सोनं करत होते आणि तरी सोन्याची नाणी चालत होती. दुसऱ्यात मंत्राने उजेड पडत होता आणि तरी तेलाचे व्यापारी गडगंज होते. विश्वंभरला आयुष्यात पहिल्यांदा आपली गरज कुठेतरी आहे असं वाटलं. त्याने वही घेतली आणि हे सगळं दुरुस्त केलं. त्याच्या राज्यात सोनं करणारा मंत्र निघाल्याबरोबर सोन्याला कुणी विचारीना, म्हणून नाणं हळकुंडाचं. हळद मंत्राने होत नाही, नऊ महिने जमिनीत राहावं लागतं. उजेडाच्या मंत्राने घाणेवाले देशोधडीला लागले आणि त्यांच्या पोरांनी राजधानीत दिव्यांचे मांत्रिक म्हणून नोकऱ्या धरल्या. इथून तिथे क्षणात नेणारा मंत्र त्याने वारंगा फाट्यावर भजी खाताना रद्द केला. समोर ट्रक उभे, हॉटेलात गर्दी, पंक्चरवाल्यापुढे रांग, आणि त्याच्या मनात आलं की माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी नुसता उगवायला लागला तर फाटाच उरणार नाही, आणि फाटा नाही तर भजी नाहीत. त्याच क्षणी त्याने खिशातल्या तिकिटामागे लिहिलं: स्थलांतरमंत्र नामंजूर. असं हे राज्य होतं. एकसंध, समतोल, आणि चार वर्षांत एकाही माणसाने "वा" म्हणून न पाहिलेलं.

कारण बाकीचे नुसते खेळायचे. रतनसिंगचं बसस्टँडजवळ नळ-पाइपांचं दुकान. तो राज्याचा सेनापती व्हायचा आणि त्याचं सगळं लक्ष घोड्यात. "सर, मेरा घोडा किधर है? मागच्या रविवारी तर इथंच बांधला होता." कोमल औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, दिवसभर शिक्के आणि बिलं बराबर करून थकलेली, म्हणून ती चोर व्हायची आणि दिसेल त्याचा खिसा कापायची. हळकुंडाची नाणी बघून ती म्हणाली होती, "पिवळं लागतं का हो हाताला? मग मी हातमोजे घालते." अर्थव्यवस्थेवरची आजवरची सर्वांत मोठी प्रतिक्रिया ती एवढीच.

प्रज्ञेशला कोमलनेच आणलं. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी, वय चौतीस-पस्तीस, बोलायला शांत. पूर्णेच्या कालव्याच्या शेपटाकडचं त्याचं गाव. येण्याआधी त्याने वहीच्या पानांचे फोटो मागवून घेतले आणि दोन आठवड्यांत सगळी वाचली. हे ऐकून विश्वंभरने वहीला नवं कव्हर घातलं. वाचक. चार वर्षांनी एक वाचक. पहिल्या रविवारी त्याने चहासोबत काजूची बिस्किटं काढली.

"चौदाव्या पानावर घागरमंत्र हाये सर," प्रज्ञेश म्हणाला. "एका माणसाला दिवसाला एक घागर पाणी. तेवढाच येणारा मानूस झालो तर चालंल का?"

"चालेल, पण करणार काय? तो आपला प्रवासात तहान भागवायचा मंत्र आहे. लढाईत उपयोग नाही."

"बघू की. शिकाया किती दिवस लागतात?"

"तीन महिने. कुणालाही येतो."

"कुनालाबी?"

"कुणालाही."

प्रज्ञेशने ते कागदावर लिहून घेतलं. मग विचारलं, "टोकवाडीत विहिरी किती?"

"एक. साठ हात खोल." हे वहीत होतं, प्रत्येक गावच्या विहिरीची खोली वहीत होती.

"आन् तिच्यावर कोन कोन येतं?"

विश्वंभरला प्रश्न कळला नाही. म्हणजे कळला, पण तो वहीला उद्देशून आहे हे कळायला वेळ लागला. "सगळेच," तो म्हणाला. "काल्पनिक राज्य आहे."

"बरं," प्रज्ञेश म्हणाला. "मंग खरंच काल्पनिक हाये."

कोमल हसली, रतनसिंग हसला, आणि आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. सुनिताची एसटी त्या दिवशी रद्द झाली होती. तो थांबलेला आवाज विश्वंभरला तेव्हा ऐकू आला होता, पण तो ऐकण्यासारखा काही असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानंतर प्रज्ञेशचा माणूस, घागऱ्या त्याचं नाव, कुठल्याच युद्धाला गेला नाही. राजकन्या पळवली तेव्हा तो टोकवाडीत होता. राक्षस आला तेव्हाही. तो तिथल्या बायकांना घागरमंत्र शिकवत होता. एक बाई, एक घागर. दहा बाया, दहा घागरी. चाळिसाव्या बाईनंतर राज्यात अशा गोष्टी घडायला लागल्या ज्या विश्वंभरने लिहिल्या नव्हत्या आणि ज्या त्याच्याच नियमांनी अटळ होत्या. उन्हाळ्यात टोकवाडीची माणसं पाण्यासाठी वरच्या गावांत कामाला जायची, ती जायची थांबली; वरच्या गावांत हळद खणायला मजूर मिळेना. टोकवाडीत मुलगी द्यायला लोक तयार नसत, ते आता स्थळं घेऊन यायला लागले. एका रविवारी प्रज्ञेश म्हणाला, "सर, पाणी सोडनारा कालव्याचा पाटकरी गावात आला तर आता कुनी उठून उभं ऱ्हाईना. आन् चहाबी कुनी इचारीना. फासा टाकू का?" आणि विश्वंभरला म्हणावं लागलं, "त्याला कशाला फासा." त्या दिवशी आतून सुनिताचं हसू ऐकू आलं, स्पष्ट, बांगड्यांसकट. रतनसिंगने घोडा विकून टोकवाडीत पाइप टाकायचा प्रस्ताव मांडला. कोमलने तीन आठवड्यांत कुणाचा खिसा कापला नव्हता. सगळं राज्य, राजधानी, नदी, हळकुंडाचं नाणं, सगळं त्या शेवटच्या वळणाकडे कलायला लागलं, जसं ताट एका बाजूने उचललं की आमटी एका बाजूला जाते. आणि हे सगळं चौदाव्या पानावरच्या अडीच ओळींमुळे. विश्वंभरने साडेतीनशे मंत्रांच्या किमती बसवल्या होत्या. घागरभर पाण्याला किंमत असते एवढं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

येणार कुठून? गुरुवारी दुपारी स्टाफरूमच्या खिडकीशी बसून त्याने स्वतःलाच हा प्रश्न विचारला आणि त्याला सिद्धेश्वर धरणाखालचं आपलं गाव आठवलं. कालव्याच्या तोंडाचं गाव. तिथे पाणी ही वस्तू नव्हती, आवाज होता. पाटातून जाणारा, अभ्यास करताना, जेवताना, भांडताना मागे चाललेला. वडील दारं धरायचे, म्हणजे पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचे, आणि तेव्हा कधीकधी खालच्या गावची माणसं बांधावर येऊन उभी राहायची. सायकलींना दोन्ही बाजूंनी हंडे बांधलेले. ती काय म्हणायची, वडील काय म्हणायचे, यातलं काही त्याला आठवेना. आठवत होती ती एक सायकल. हिरवी, मूठ नवी, घंटा दोन आवाजांची. त्याच्याच वयाच्या एका पोराची. विश्वंभरकडे सायकल नव्हती, वडील म्हणायचे शाळा दारात आहे तर सायकल काहून पाहिजे, आणि तो बांधावर उभा राहून त्या हंडे बांधलेल्या सायकलीकडे बघत होता आणि त्याच्या मनात एवढंच होतं की याला मिळाली आणि मला नाही. तहानेने चार कोस तुडवत आलेल्या पोराचा हेवा. स्टाफरूममध्ये कुणीतरी पंखा वाढवला. विश्वंभरला वाटलं, आपल्याला सगळं आयुष्य हे असंच दिसलं: हंडा वगळून सायकल.

पण असं वाटण्याने माणूस सुधारतो हा समज आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्याचा हेवा चांगला आंबून वर आला. प्रज्ञेशचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. राग येण्यासारखं तो काही करतच नव्हता. "सर, तुमच्या वहीत सगळं हायेच की," असं म्हणायचा आणि ते खरं होतं. सुनिताच्या मनातही वाईट काही नसणार, हेही त्याला कळत होतं. तिने प्रज्ञेशकडे बघितलंसुद्धा नसेल नीट. तिने बघितली ती टोकवाडी. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्याने तिला उपभोक्त्याचा समतोल समजावला होता, चलनवाढ समजावली होती, तिला झोप यायची. आणि त्याच माणसाच्या डोक्यातून निघालेलं गाव तिला आवडलं तेव्हा ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून. मूर्ती आपण घडवावी आणि नवस भलत्यालाच बोलला जावा. शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "त्या बायांचं बरं झालं. पण आता पाटकरी गप्प बसंल का?" आणि त्याने उत्तर दिलं, "बघू," आणि त्याच वेळी त्याला कळलं की आपण काय करणार आहोत.

अर्थशास्त्रातला सर्वांत जुना नियम: फुकट काही नसतं. पाणी शून्यातून येत नाही. घागरमंत्राने एक घागर इथे भरली तर कुठेतरी एक घागर आटली पाहिजे. इतका साधा, इतका शास्त्रशुद्ध नियम आणि तो वहीत नव्हता. आता तो असणार होता. टोकवाडीच्या चौसष्ट घागरी रोज कुणाच्या तरी विहिरीतून जात होत्या, वरच्या अंगाच्या एखाद्या गरीब वस्तीच्या, आणि रविवारी त्या वस्तीची विहीर कोरडी पडणार होती. घागऱ्या चोर ठरणार होता. अडचण एकच होती, आणि ती वहीच्या पहिल्याच पानावर होती. प्राध्यापकांची निवृत्तिवेतनाची एक सवलत कधीकाळी मागच्या तारखेपासून काढून घेतली गेली होती, त्याविरुद्ध विश्वंभर सात दिवस मंडपात बसला होता, आणि त्या भरात त्याने आपल्या राज्याचा पहिला कायदा लिहिला होता: सूत्रधार नवा नियम करू शकतो, मागच्या तारखेपासून नाही. म्हणून शनिवारी दुपारी, सुनिता दळण आणायला गेली असताना, त्याने चार पेनं तपासली, चार वर्षांपूर्वीच्या शाईशी जुळणारं निवडलं, आणि चौदाव्या पानावर घागरमंत्राच्या खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं: हे पाणी अन्यत्र आटते. चार शब्द. लिहिताना हात स्थिर होता. मागच्या तारखेच्या नियमाविरुद्ध सात दिवस बसलेल्या माणसाचा हात इतका स्थिर असावा याचं त्याला थोडं आश्चर्य वाटलं, आणि थोडं कौतुकही.

रविवारी दोनला सगळे आले. चपला ओळीत होत्या. सुनिताने चहा आणला आणि या वेळी आत गेली नाही. दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली, मांडीवर मुलांच्या चाचणीचे पेपर घेऊन, लाल पेन उघडून. "भाभी भी खेलेंगी क्या?" रतनसिंगने विचारलं. "मी बसून राहते," ती म्हणाली. विश्वंभरने घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. वरच्या अंगाला एक वस्ती. मेंढपाळांची, अठरा घरं. वस्तीची विहीर महिनाभर खाली खाली चाललेली. आज सकाळी एका म्हातारीने पोहरा सोडला आणि तो तळाला लागून खणकन वाजला. तो चांगलं सांगत होता. त्याचं त्यालाच कळत होतं. इतकं चांगलं त्याने चार वर्षांत सांगितलं नव्हतं. म्हातारी टोकवाडीत आली. चौसष्ट बायांच्या चौसष्ट भरलेल्या घागरींसमोर रिकामा पोहरा घेऊन उभी राहिली. "म्हणजे," विश्वंभर म्हणाला, "तुमच्या मंत्राने जे पाणी इथे येतं, प्रज्ञेश, ते तिथून जातं."

कोमलने बिस्कीट ताटलीत परत ठेवलं. प्रज्ञेशचा चेहरा उतरला; खरोखर उतरला, एखाद्याला घरून फोन यावा तसा. विश्वंभरने तो उतरताना पाहिला आणि त्याला जे वाटलं ते सुख होतं, त्याला दुसरं नाव नाही.

"कधीपासून?"

हे सुनिताने विचारलं. पेपरवरून मान वर न करता.

"काय कधीपासून?"

"पाणी तिथून जातं म्हणता ते. हे कधीपासून ठरलंय?"

"पहिल्यापासून," विश्वंभर म्हणाला. "चौदाव्या पानावर आहे. मागच्या तारखेचा काही प्रश्नच नाही."

"असं न्हवतं ब्वा वाचल्यासारखं," कोमल म्हणाली. "प्रज्ञेश, तुझ्याकडं फोटो हायेत ना पानांचे? बघ जरा."

फोटो. होळीच्या आधी काढलेले फोटो. विश्वंभर त्या शब्दाकडे बघत राहिला. चार पेनं तपासली, शाई जुळवली, अक्षर बारीक केलं, आणि हे एवढं विसरला. आपल्या एकुलत्या एका वाचकाने आपल्याला वाचलंय हेच विसरला. प्रज्ञेशने खिशातून फोन काढला. अंगठ्याने पानं सरकवत गेला. नऊ, अकरा, तेरा. थांबला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने मान वर करून विश्वंभरकडे बघितलं, रागाने नाही, मातीचा नमुना बघावा तसं, यात काय काय आहे आणि यात काय पिकेल. आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हाये," तो म्हणाला. "बारीक अक्षरात हाये. माझ्याच नजरंतून सुटलं."

विश्वंभरचा हात वहीवर होता. तो उचलावा की तिथेच ठेवावा हे त्याला ठरवता येईना.

"पन सर," प्रज्ञेश म्हणाला, आणि त्याचा आवाज हळूहळू बदलत गेला, "पहिल्यापासून म्हनजे मंग सगळ्यांनाच लागू झालं ना? आमी तर पाच म्हैन्यांपूर्वी सुरू केलं. राजधानीतले मांत्रिक चार वर्षं पाणी काढून ऱ्हायले."

"चार नाही," कोमल सरळ होऊन बसली. "राज्य तीनशे वर्षांचं हाये. आपण राजवाड्यात घुसलो तवा तिथं कारंजं होतं, सर. मी त्यात पाय धुतले."

"आणि हत्तीखाना," रतनसिंग म्हणाला. "मी स्वतः हत्तींना आंघोळ घातलेली हाये. मंत्राचं पानी होतं. बारा हत्ती. रोज."

"आन् बागा," प्रज्ञेश म्हणाला. "आन् वरच्या गावांचे हौद. ते सगळं पाणी कुठून तरी आटलंच असंल. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत न्हाई ते कालवा लांब हाये म्हनून न्हाईच मंग. टोकवाडीची विहीर साठ हात खोल का गेली, ते आज कळलं." तो थांबला. "आजीबाई, पोहरा आत ठिवा. चौसष्टातल्या अठरा घागरी आजपासून तुमच्या वस्तीच्या. उद्या आपन सगळे मिळून राजधानीला जाऊ. कारंजं बघायला."

कोमल टेबलावर पुढे झुकली. तिचे डोळे चकाकत होते. "चार वर्षं, सर? चार वर्षं तुमी हे मनात धरून बसला होता? आमी त्या कारंज्यात पाय धुत होतो आन् तुमी नुसतं बघत होता?"

"पूरा राज्यच चोरीचं," रतनसिंग हळू आवाजात म्हणाला. "और मैं उसका सेनापती. मान गए, सर."

विश्वंभरने आपल्या राजधानीकडे पाहिलं. बावीस पानांची राजधानी, बाजार, पेठा, बागा, दिव्यांचे रस्ते. शनिवारी दुपारी चार शब्दांत तो ती सगळी गुन्हेगार करून बसला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. आता बोलायला हवं होतं. हे मी कालच लिहिलं, मत्सराने लिहिलं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं, ते या माणसाने आत्ता इथे बसून शोधून काढलं. बोलायला एवढंच होतं. बोललं की राज्य प्रज्ञेशचं होणार होतं आणि नाही बोललं तरी ते प्रज्ञेशचंच होतं, फक्त मग ते दोघांनाच ठाऊक राहणार होतं. प्रज्ञेशने फोन खिशात टाकला. "वहीत बारीक अक्षरात लिहिलं, ते मुद्दामच असणार सरांचं," तो म्हणाला. "कुनी शोधतंय का, ते बघाया." त्याने हे इतक्या सहज म्हटलं की विश्वंभरला त्यात टोमणा शोधूनही सापडला नाही. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्याला दाराकडे बघावं लागलं. सुनिताच्या मांडीवरचे पेपर घसरून फरशीवर पडले होते आणि तिने ते उचलले नव्हते. लाल पेन तसंच उघडं. ती त्याच्याकडे बघत होती. तेवीस वर्षांत तिने त्याच्याकडे असं कधी बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. लग्नात अंतरपाट होता.

"इतकं मोठं पोटात ठेवलंत," ती म्हणाली. "माझ्यापाशीसुद्धा बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्ही नुसते भाव लिहिता."

ती ज्याच्याशी बोलत होती तो माणूस विश्वंभरला आता दिसला. तो त्याच्याच खुर्चीत बसला होता, त्याचाच चष्मा लावून, वहीवर त्याचाच हात ठेवून. चार वर्षं सगळ्यांसोबत चहा पीत, बिस्किटं खात, मनात एवढा एक अन्याय सांभाळत शांत बसलेला माणूस. खोल. धीराचा. बांधावर उभं राहून हंडे मोजलेला. बायको बघते आहे ती त्याच्याकडे, आणि बरोबर बघते आहे. असा माणूस कुणालाही आवडावा. विश्वंभरला प्रज्ञेशचा जेवढा हेवा वाटला होता तो या माणसापुढे काहीच नव्हता.

"चौसष्ट बायका राजधानीच्या वेशीपाशी आल्या आहेत," तो माणूस म्हणाला. "वेस बंद आहे."

सुनिताने प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून ओढत टेबलापाशी आणली. "मला त्यांच्यातली एक करा," ती म्हणाली, आणि फाशासाठी हात पुढे केला, त्या माणसापुढे.